परक्या सूर्यांचे ग्रह आणि कॉम्प्युटरमधले खोटे ग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी कुणाच्यातरी सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर शाळेत दुर्बीण घेऊन जातो. शनीची कडी बघून झाली, चहा झाला की गप्पा हमखास एक्सोप्लॅनेटवर येतात, म्हणजे आपल्या सूर्याच्या नाही तर दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांवर, आणि मी सिम्युलेशन हा शब्द उच्चारला रे उच्चारला की तेच तेच प्रश्न सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. क्रम वगैरे फारसा नाही.

सिम्युलेशन म्हणजे यूट्यूबवर ग्रह गरगर फिरताना दाखवतात तेच ना?

नाही हो. ते चित्रकाराचं काम, छान असतं पण वेगळं. आमचं सिम्युलेशन बघायला बसलात तर पाच मिनिटांत जांभई येईल, स्क्रीनवर नुसते आकड्यांचे कॉलम सरकत असतात. ढोबळमानाने तीन प्रकारची कामं चालतात. एक म्हणजे अख्खं खोटं आकाश बनवायचं, त्यात तारे घालायचे, ताऱ्यांभोवती ग्रह घालायचे आणि आपली दुर्बीण त्यातलं किती पकडेल ते बघायचं. दुसरं, खऱ्या डेटात खोटे ग्रह पेरायचे. आणि तिसरं, ग्रह एकमेकांना ओढत-ढकलत लाखो वर्षं कसे फिरतील किंवा मुळात जन्मतील कसे ते गणिताने चालवून बघायचं. मला स्वतःला दुसरं सगळ्यात आवडतं, त्यामुळे त्यावर जरा जास्तच लिहिलंय, सांभाळून घ्या.

दुर्बीण आहे, आकाश आहे, ग्रह असेल तर दिसेल. मध्ये कॉम्प्युटर कशाला?

कारण ग्रह दिसतच नाही! दिसतो तो तारा, आणि ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, त्याला ट्रान्झिट म्हणतात. किंचित म्हणजे किती, तर गणपतीत एखाद्या मंडळाने १२,००० बल्बची रोषणाई केलीये आणि त्यातला एक बल्ब गेला, तर लक्ष्मी रोडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ते तुमच्या लक्षात यायला पाहिजे. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दहा लाखात साधारण ८४ भाग उजेड अडवते, हिशोब तोच. गुरूएवढा ग्रह असेल तर शंभरातला एक बल्ब, ते त्यामानाने सोपं.

त्यात कोनाची भानगड. ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत असली तरच ट्रान्झिट होतं. लांबून कुणी आपल्याकडे बघत असेल तर त्याला पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दिसण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यालाही कमी, साधारण २१५ मध्ये १. म्हणजे असा एक ग्रह सापडला तर तसेच दोनशेहून जास्त न दिसता राहिलेत असं धरायला लागतं.

दुसरी पद्धत ताऱ्याच्या डगमगण्याची. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरने हलवतो, पृथ्वी फक्त ९ सेंटीमीटरने, रांगणारं बाळसुद्धा याहून जोरात जातं. त्यामुळे जे मोठं आणि ताऱ्याला चिकटलेलं असतं ते आधी सापडतं. १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांना ५१ पेगासी बी सापडला (त्याचं नोबेल २०१९ मध्ये मिळालं), तो गुरूच्या जातीचा पण वर्ष फक्त ४.२ दिवसांचं. मग असे भाजके गुरू धडाधड सापडायला लागले आणि वाटायला लागलं की विश्वात हेच भरलेत. प्रत्यक्षात सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत असा एखादाच. जे सापडतं आणि जे असतं यात फरक आहे, आणि तो फरक किती हे मोजायला सिम्युलेशन. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

खऱ्या डेटात खोटे ग्रह घालणं ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न एका आजोबांनी इतक्या रागाने विचारला होता की मला हसू आवरेना, पण प्रश्न रास्त आहे.

माझी मावशी अप्पा बळवंत चौकात एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासायची. तिथला मालक नवीन माणूस घेतला की त्याला द्यायच्या प्रुफात मुद्दाम २० चुका पेरून ठेवायचा, ऱ्हस्व-दीर्घ, गाळलेला अनुस्वार, एखादी ओळ दोनदा, आणि त्यांची यादी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. समजा त्या माणसाने पेरलेल्यापैकी १५ पकडल्या आणि वर कंपोझिटरच्या खऱ्या ९ पकडल्या. मालकाला लगेच कळतं, हा चारातल्या तीन पकडतो, म्हणजे खऱ्या चुका १२ च्या आसपास असणार, अजून तीनेक प्रुफात लपल्यात. त्या तीन कुठे आहेत हे त्याला माहीत नाही, पण आहेत हे माहीत आहे. आता याला फसवणूक म्हणायचं का? यादी ड्रॉवरमध्ये आहे ना, पुस्तक छापायच्या आधी पेरलेल्या काढून टाकायच्या.

आम्ही हेच करतो. खऱ्या ताऱ्याचा लाइट कर्व्ह घ्यायचा, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, त्यात ठरावीक मापाचे खोटे ट्रान्झिट घालायचे आणि आपल्याच शोधायच्या प्रोग्रामला न सांगता पुढे ढकलायचं. समजा सूर्यासारखे १०,००० तारे तपासले आणि साडेअकरा दिवसांत फेरी मारणारे, एका ठरावीक आकाराचे ६ खरे ग्रह सापडले. खोट्यांपैकी ३० टक्केच पकडले गेले होते, म्हणून ६ चे झाले २०. या अंतरावर कोन जुळायची शक्यता २१-२२ मध्ये १, म्हणून २० चे झाले ४३० च्या आसपास. दहा हजारांत ४३०, म्हणजे ४.३ टक्के ताऱ्यांभोवती असा ग्रह. बघा, हातात सहाच होते! आणि सहाच असल्यामुळे उत्तर ४० टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतं, हेही त्याच दमात सांगायला लागतं, बातम्यांत ते गळतं.

नासाच्या केप्लर या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या टीमने हे पार पिक्सेलच्या पातळीवर केलं. त्याच्या उलटी टेस्ट तर मला फारच आवडते, सगळे आलेख उलटे करायचे, खड्ड्यांचे उंचवटे आणि उंचवट्यांचे खड्डे. आता त्यात खरा ग्रह असूच शकत नाही, तरीही प्रोग्राम 'सापडला सापडला' ओरडला की समजायचं हा किती वेळा उगाच ओरडतो.

सिम्युलेशनमुळे एखादा ग्रह रद्द झालाय का?

झालाय, आणि साधासुधा नाही, शेजारचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झालं की अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती, आपल्यापासून साडेचार प्रकाशवर्षांच्याही आत, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह आहे, फेरी ३.२४ दिवसांची. जगभर पहिल्या पानावर बातमी. सिग्नल म्हणजे ताऱ्याची डगमग, सेकंदाला अर्ध्या मीटरची, चिलीतल्या हार्प्स उपकरणावरून कित्येक रात्री खपून काढलेली.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या विनेश राजपॉल आणि सहकाऱ्यांनी काय केलं, तर कॉम्प्युटरमध्ये ग्रह नसलेला तारा बनवला, त्यावर ताऱ्याची नेहमीची खळबळ घातली आणि खऱ्या निरीक्षणांच्या ज्या तारखा-वेळा होत्या नेमक्या त्याच वेळांना त्याचं खोटं निरीक्षण घेतलं. आणि ३.२४ दिवसांचा सिग्नल हजर! ग्रह घातलाच नव्हता. निरीक्षणं कधी घेतली आणि कधी नाही, त्या मधल्या गॅपमधून तो आकडा येत होता. रोज फक्त संध्याकाळी पाचलाच आमच्या घरात डोकावलात तर तुम्हाला वाटेल हे लोक दिवसभर चहाच पितात (आमच्या बाबतीत ते फार चुकीचंही नाही), तसलाच प्रकार.

प्रॉक्सिमा बी, म्हणजे शेजारच्याच प्रॉक्सिमा सेंटॉरी ताऱ्याचा ग्रह, तो वेगळा बरं का, तो २०१६ चा आणि तो अजून ठामपणे उभा आहे. दरवेळी कुणीतरी घोळ घालतंच.

मग सिम्युलेशन कधी चुकत नाही?

चुकतं की. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, जे गृहीत धरून चाललात तेच बाहेर येतं. केप्लर २००९ मध्ये उडाली तेव्हा मिशन साडेतीन वर्षांचं ठरलं होतं. त्यामागचा हिशोब असा की बाराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप), सूर्यासारख्या ताऱ्याच्या उजेडाच्या साडेसहा तासांच्या मापात गडबड असेल दहा लाखात २० भाग. हे कुठून आलं तर आपल्या सूर्यावरून, तारे सूर्याइतकेच शांत असतील असं धरलं होतं. निघाली ३० भाग, कारण तारेच जास्त चुळबुळे निघाले. २० आणि ३० मध्ये काय एवढं, तर सिग्नल पहिल्याइतका स्पष्ट व्हायला निरीक्षणांचा काळ दुपटीहून जास्त लागतो. मुदतवाढ मिळालीही, पण मे २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर धरणाऱ्या चाकांपैकी दुसरं चाक गेलं आणि ते मूळ काम तिथेच थांबलं. पृथ्वीच्या जुळ्या भावंडांची यादी आज इतकी तोकडी आहे त्यात या गणिताचा मोठा हात आहे.

ग्रह जन्माला घालणारी मॉडेल्ससुद्धा अशीच तोंडावर पडलीत. ताऱ्यापासून लांब, नेपच्यून आणि शनीच्या मधल्या वजनाचे ग्रह फार कमी असणार असं त्यांचं म्हणणं, कारण एकदा वायू गिळायला लागला की ग्रह झपाट्याने फुगतो, मध्येच थांबत नाही. पण मायक्रोलेन्सिंगने, म्हणजे मागच्या ताऱ्याचा उजेड पुढच्या तारा-ग्रहाच्या गुरुत्वाने तात्पुरता वाढतो त्यावरून, मोजलं तर असे ग्रह भाकितापेक्षा साधारण दहापट निघाले, हे २०१८ मध्ये पुढे आलं. मला विचाराल तर हीच खरी मजा, भाकीत इतकं नेमकं असायला हवं की ते चुकलं हे सांगता आलं पाहिजे.

आधी कॉम्प्युटरने सांगितलं आणि मग सापडलं, असं काही?

हो. २०१३ मध्ये जेम्स ओवेन आणि यानचिन वू आणि तेव्हाच लोपेझ आणि फोर्टनी, यांनी गणित मांडलं की ताऱ्याजवळच्या छोट्या ग्रहांचं हायड्रोजनचं पांघरूण ताऱ्याच्या एक्स-रे, अतिनील किरणांनी उडून जातं. पांघरूण जाड असेल तर टिकतं, पातळ असेल तर पार जातं, अर्धवट फार कमी राहतं. म्हणजे पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट आकाराचे ग्रह कमी दिसायला पाहिजेत.

तेव्हा कुठल्या आकाराचे ग्रह किती या आलेखात असलं काही दिसत नव्हतं, कारण ग्रहाचा आकार ताऱ्याच्या आकारावरून काढतात आणि ताऱ्यांचीच मापं ढिली होती. मग हवाईमधल्या केक दुर्बिणीने केप्लरच्या १३०५ ताऱ्यांचे वर्णपट घेऊन मापं घट्ट केली आणि २०१७ मध्ये फुल्टन वगैरे मंडळींनी आलेख पुन्हा काढला तर दोन टेकड्या आणि मध्ये दरी, कात्रजच्या घाटासारखी. पांघरूण ताऱ्याने उडवलं की ग्रहाच्या स्वतःच्याच आतल्या उष्णतेने, यावर अजून वाद आहे. पण दरी आहे.

पृथ्वीसारखे ग्रह किती, एक आकडा सांगा ना.

एक नाही सांगता येत. केप्लरच्याच डेटावरून २०१३ मध्ये पेटिगुरा यांनी सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी २२ टक्क्यांभोवती असा ग्रह असेल असं काढलं, आणि २०२१ च्या ब्रायसन आणि मंडळींच्या पेपरात ताऱ्यामागे ०.३७ ते ०.६० असा मधला अंदाज आलाय, शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा. आकार कुठून कुठपर्यंत धरला, राहण्याजोगा पट्टा केवढा धरला हे दोघांचं वेगळं आहे, त्यामुळे सरळ तुलना करू नका. आणि मुख्य म्हणजे पृथ्वीएवढा आकार आणि वर्षभराची फेरी या कोपऱ्यात केप्लरला जवळजवळ काही सापडलंच नाही, त्यामुळे शेजारच्या भागावरून रेघ पुढे ओढायला लागते, रेघ कशी ओढायची यावर सगळं.

ते सात ग्रहवाले ट्रॅपिस्ट-१, त्यात काय सिम्युलेशन?

फेब्रुवारी २०१७ मध्ये सात ग्रह जाहीर झाले, ४० प्रकाशवर्षांवर, सगळे बुध-सूर्य अंतराच्याही आत कोंबलेले. मोजलेले आकडे तसेच कॉम्प्युटरला दिले तर पाच लाख वर्षांच्या आत सगळी व्यवस्था विस्कटायची. तारा तर अब्जावधी वर्षांचा म्हातारा! म्हणजे ग्रह चुकीचे नाहीत, आपली मापं ढोबळ आहेत. मग डॅन टमायो आणि सहकाऱ्यांनी ग्रहांना जन्मावेळच्या वायूच्या तबकडीत हळूहळू आत सरकवत, एकमेकांच्या फेऱ्यांच्या तालात अडकवत आणलं, तर ती कोट्यवधी वर्षं टिकली. ढोल-ताशा पथकात आठवड्याभरापूर्वी आलेलं पोरगं बाकीच्यांच्या ठोक्यात बसलं की मग चुकत नाही, तसं काहीसं.

पुण्यात यातलं काही चालतं का?

चालतं ना. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. तिथून २००९ मध्ये हॅट-पी-११ बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर अंधुकसा रेडिओ सिग्नल दिसला आणि ग्रह ताऱ्याच्या आड गेला तेव्हा तो नाहीसा झाल्यासारखा वाटला. २०१० मध्ये पुन्हा बघितलं तर काही नाही. ग्रह कधी बोलतो कधी गप्प बसतो, की पहिलाच योगायोग? पेपर लिहिणाऱ्यांनीही 'संकेत' म्हटलं, 'सापडला' नाही म्हटलं, हे मला फार आवडलं.

२०२४ मध्ये जीएमआरटीला परम रुद्र सुपरकॉम्प्युटर मिळाला, तो मुख्यतः फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे आकाशातून येणारे क्षणिक रेडिओ स्फोट, वगैरेसाठी. सी-डॅकचा पहिला परम १९९१ मध्ये पुण्यातच झाला हे आमच्या पिढीला शाळेत घोकायला लावलं होतं. विद्यापीठात नारळीकर सरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, विज्ञान दिनाला मुलांना घेऊन जा, सकाळी लवकर. डगमग मोजून ग्रह शोधायचं भारतातलं काम मात्र माउंट अबूला, पीआरएल या संशोधन संस्थेच्या पारस उपकरणावर चालतं.

मला घरच्या लॅपटॉपवर करता येईल?

आरामात. पायथन येत असेल तर लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे, केप्लर आणि तिच्यानंतरची नासाची ग्रह शोधणारी दुर्बीण टेस, दोन्हींचा डेटा त्यातूनच फुकट उतरतो. खोटं ट्रान्झिट बनवायला बॅटमन (हो, खरंच हेच नाव), ग्रहांच्या कक्षा फिरवायला रीबाउंड. एखादा शांत तारा घ्या, त्यात एकच मोठा ग्रह पेरा आणि शोधा. मग तो बारीक बारीक करत न्या आणि कुठल्या आकाराला तो हरवतो ते लिहून ठेवा. रात्री हजार खोटे ग्रह लावून झोपा, पंखा घरघरत राहील, सकाळी चहाबरोबर टेबल तयार.

एक टीप, मी यात दोन महिने घालवलेत. ताऱ्याचे स्वतःचे हळू चढउतार काढून आलेख सपाट करायची जी पायरी असते त्यात खिडकी, म्हणजे एका वेळी जेवढ्या तासांचा तुकडा बघतो ती, फार लहान ठेवलीत तर ती ट्रान्झिटच खाऊन टाकते. ट्रान्झिट जेवढे तास चालतं त्याच्या निदान तिप्पट खिडकी ठेवा. आणि सपाट करायच्या आधी ग्रह पेरा, नंतर नाही! नंतर पेरलात तर सगळे सापडतात, छाती फुगते आणि ते सगळं खोटं असतं.

एआयने हे काम सोपं झालं का?

थोडंफार. २०१७ मध्ये केप्लर-९० चा आठवा ग्रह न्यूरल नेटवर्कने शोधून दिला. पण ते नेटवर्क किती ग्रह गाळतं हे बघायला पुन्हा खोटे ग्रहच पेरायला लागतात, मावशीच्या मालकाची सुटका नाही.

या ग्रहांचा पत्रिकेवर परिणाम होतो का?

नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीने ६००० चा आकडा ओलांडला, एवढे बसवायला घरं कुठून आणणार?

टेसचं भाकीत खरं ठरलं का?

टेस एप्रिल २०१८ मध्ये उडाली. त्याच्या तीन वर्षं आधी सलिव्हन वगैरेंनी खोट्या आकाशावर चालवून सांगितलं होतं की निवडलेल्या दोन लाख ताऱ्यांत साधारण १७०० ग्रह सापडतील, आणि वर हजाराहून जास्त नकली, बहुतेक एकमेकांना झाकणारे जोडतारे. आज कँडिडेट, म्हणजे ग्रह असावा असे संशयित, हजारो आहेत, पक्के झालेले शेकड्यांत, कारण पक्कं करायला जमिनीवरच्या दुर्बिणींची रांग लागते. नकलींचं भाकीत मला जास्त उपयोगाचं वाटतं, टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा आहे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यात शेजारीपाजारी सगळे येतात.

तुम्ही स्वतः एक ग्रह शोधला होता म्हणे?

हे कोण पसरवतं ते मला माहीत आहे.

झालं असं की टेसच्या एका ताऱ्यात मला दोन खड्डे दिसले, सारख्याच खोलीचे, मध्ये १३.७ दिवस. एकावर एक ठेवले तर अगदी जुळले, तळ सपाट, कडा सुबक. रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली छान आहे आणि झोपली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये अर्धा किलो आंबाबर्फी नेली. संध्याकाळी आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना फोन केला, रिटायर्ड माणूस, रेल्वेत सिग्नलचं काम केलेलं, त्यांनी एवढंच विचारलं, "शेजारच्या ताऱ्यांवर चालवून बघितलंस का रे?"

नव्हतं बघितलं. मग त्याच कॅमेऱ्यातले आजूबाजूचे पन्नास तारे घेतले, काही न पेरता तोच प्रोग्राम चालवला, आणि निम्म्याहून जास्त ताऱ्यांना १३.७ दिवसांचा ग्रह होता. टेस पृथ्वीभोवती फेरी मारते ती १३.७ दिवसांत. प्रत्येक फेरीत ठरावीक वेळी पृथ्वीचा उजेड कॅमेऱ्यात सांडतो, तो वजा करताना माझा प्रोग्राम जरा जास्तच वजा करत होता. पृथ्वी सापडली होती म्हणायची, एका अर्थाने.

ऑफिसला पोचेपर्यंत बर्फीचा बॉक्स रिकामा होता, आणि अजूनही कुणी ना कुणी पॅन्ट्रीत विचारतं, "काय, पुढचा ग्रह कधी?"